त्वचेवरचा रंधा : डर्माब्रेजन कोणासाठी आणि कशासाठी?

लग्नसराई जवळ आली की ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकावर ‘डर्माब्रेजन’ हा शब्द हमखास दिसू लागतो. फेशियल, ब्लीच, क्लीन-अप यांच्या रांगेतच तो छापलेला असतो. त्यामुळे तोही त्याच जातकुळीतला, अर्ध्या-पाऊण तासात उरकणारा सौंदर्योपचार असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पार्लरमध्ये जे केले जाते ते ‘मायक्रोडर्माब्रेजन’ असते. डर्माब्रेजन ही शस्त्रक्रिया आहे. तिच्यात त्वचा बधिर करावी लागते, रक्त येते, जखम होते आणि ती भरून येईपर्यंत आठवडा-दहा दिवस घरी राहावे लागते. शब्दाआधी ‘मायक्रो’ लागले की नाही, एवढ्यावर हा सारा फरक अवलंबून आहे. तो समजून घेणे अगत्याचे आहे, कारण चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेळी केलेले घर्षण जो डाग मागे ठेवते, तो पुष्कळदा मूळ डागापेक्षा ठळक असतो.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी मागे पडते. चेहऱ्यावरील मुरमांचे खड्डे हा डर्माब्रेजनचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग असला, तरी आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या समाजात त्याचा अधिक मोलाचा उपयोग वेगळाच आहे. तो म्हणजे कोडाच्या डागांवर रंगपेशींचे रोपण करण्यापूर्वी जमीन तयार करणे. त्याविषयी पुढे विस्ताराने येईलच. त्याआधी ही क्रिया मुळात चालते कशी, ते पाहू.

घासलेली त्वचा पुन्हा येते कोठून?

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरची बाह्यत्वचा अतिशय पातळ असते. चेहऱ्यावर तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. तिच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, असतात. तिच्याखालची अंतस्त्वचा बरीच जाड असते आणि कोलॅजनच्या तंतूंनी विणलेली असते. केसांची मुळे, तैलग्रंथी, घामाच्या ग्रंथी या अंतस्त्वचेत खोलवर रुतलेल्या असतात. मात्र त्यांच्या नळ्यांचे अस्तर बाह्यत्वचेच्याच पेशींचे असते. वरची त्वचा खरवडून काढली तरी या नळ्यांतील पेशी शिल्लक राहतात, वाढत वाढत पृष्ठभागावर येतात, कडेकडेने पसरून एकमेकींना भेटतात आणि नवे आच्छादन तयार होते. गुडघा खरचटल्यावर आठवडाभरात वण न राहता बरा होतो, तो याच न्यायाने.

डर्माब्रेजनचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. घर्षण अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतच राहिले, तर जखम वण न ठेवता भरते. शिवाय नव्या कोलॅजनची भर पडून पृष्ठभाग पूर्वीपेक्षा समतल होतो. घर्षण त्याखाली गेले, की नळ्यांचा साठाच नष्ट होतो आणि जखम फक्त कडांकडून, वणाच्या ऊतीने भरून येते. चांगला परिणाम आणि कायमचा व्रण यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांचेच अंतर असते.

चेहऱ्यावर डर्माब्रेजन का चालते आणि मानेवर का चालत नाही, याचे उत्तरही यातच आहे. चेहऱ्यावर केसांची मुळे व तैलग्रंथी दाटीवाटीने असतात. पुरुषाला दाढी असो वा स्त्रीच्या गालावर जेमतेम लव असो, ग्रंथींची दाटी दोघांच्याही चेहऱ्यावर असते. मान, छाती, हाताचा पंजा येथे त्या विरळ आहेत. तेथे खोलवर घासले तर भरून यायला बियाणेच पुरत नाही. ज्या भागावर पूर्वी किरणोपचार झाले आहेत किंवा जो खोलवर भाजला आहे, तेथे तर या नळ्या जवळजवळ नसतातच. अशा त्वचेवर डर्माब्रेजनचा विचारही करू नये.

दंतवैद्याच्या यंत्रापासून

त्वचा घासून गुळगुळीत करण्याची कल्पना नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये खरखरीत दगडांनी त्वचा घासली जात असे, असे सांगितले जाते. आपल्या न्हाणीघरातली वजरीही त्याच घराण्यातली. परंतु वैद्यकीय पद्धत म्हणून तिचा पाया घातला तो जर्मन त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांनी, 1905 च्या सुमारास. दंतवैद्य दात कोरण्यासाठी वापरतात तशी फिरती हत्यारे त्यांनी त्वचेवर वापरली आणि अंतस्त्वचेच्या खालच्या भागाला धक्का न लावणारी जखम वण ठेवत नाही, हे महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले.

त्यानंतर जवळपास अर्धशतक हा विषय बाजूला पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्वचेत रुतलेले काळे कण काढण्यासाठी निर्जंतुक केलेल्या पॉलिश पेपरचा, म्हणजे सुतार लाकूड घासतो त्याच कागदाचा, वापर सुरू झाला. पुढे 1953 मध्ये न्यूयॉर्कचे ॲब्नर कर्टिन यांनी वेगाने फिरणारा तारांचा ब्रश आणि त्वचा गोठवणारा फवारा यांची सांगड घालून आधुनिक डर्माब्रेजन प्रचारात आणले. त्यांनी या क्रियेला दिलेले नाव मोठे समर्पक होते. मराठीत सांगायचे तर त्वचेवर शस्त्रक्रियेने रंधा मारणे! सुतारकामाशी परिचय असलेल्या कोणालाही त्यातली मेख लगेच कळेल: रंध्याने उंचवटे उतरतात, खड्डा काही भरत नाही. आजूबाजूची पातळी खाली आणून खड्डा उथळ करायचा, एवढेच या क्रियेत शक्य असते. म्हणून खड्डा जितका खोल, तितका रंधा निरुपयोगी.

गोठवणाऱ्या फवाऱ्यांनाही एक इतिहास आहे. त्यांपैकी काहींत क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू असत. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि शीतकपाटांबरोबर त्वचाशल्यविशारदांच्या हातातले हे फवारेही क्रमाक्रमाने गेले. आता भूल देणारे औषध सलाईनमध्ये पातळ करून त्वचेत टोचतात. त्याने भाग बधिर होतो, शिवाय फुगून घट्ट बसतो आणि घासणे सोपे जाते.

शस्त्रक्रियेच्या मेजावर

आज डर्माब्रेजनसाठी प्रामुख्याने तीन साधने आहेत. तारांचा ब्रश झपाट्याने आणि खोलवर जातो, म्हणून तो अनुभवी हातातच शोभतो. हिऱ्याची कणी बसवलेली चाके, ज्यांना ‘डायमंड फ्रेझ’ म्हणतात, ती तुलनेने सौम्य असतात आणि सध्या तीच अधिक प्रचलित आहेत. ही दोन्ही साधने मोटारीवर मिनिटाला हजारो फेरे घेतात. तिसरे साधन म्हणजे निर्जंतुक केलेला पॉलिश पेपर, सिरिंजच्या दांड्याला गुंडाळून हाताने घासायचा. तो स्वस्त आहे, वीज लागत नाही, आणि लहानशा भागावर त्याचा ताबा उत्तम राहतो. गरिबांच्या रुग्णालयात या साध्या कागदाने जे साधते, ते पाहता महागडे यंत्र म्हणजेच चांगला उपचार हे समीकरण काही खरे नव्हे.

किती घासले हे शल्यविशारदाला कळते कसे? कोणतेही मोजमापयंत्र येथे उपयोगी पडत नाही. त्वचाच खुणा देते. बाह्यत्वचा निघेपर्यंत रक्त येत नाही, कारण तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. अंतस्त्वचेच्या वरच्या भागात पोहोचताच टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. आणखी खाली गेल्यावर ठिपके मोठे होतात आणि पांढरट, विसकटलेले समांतर तंतू दिसू लागतात. ते कोलॅजनचे असतात. बहुतेक कामांसाठी थांबण्याची रेषा येथेच. एक सेकंद जास्त किंवा हाताचा दाब थोडा अधिक झाला, तरी रेषा ओलांडली जाते. रक्त टिपण्यासाठी जाळीदार गॉझ वापरत नाहीत, कारण त्याचा धागा फिरत्या ब्रशात अडकला तर ब्रश त्वचेवर झेप घेतो. रुग्णाचे केसही घट्ट बांधलेले असतात.

या क्रियेत रक्ताचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. म्हणून आधी एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांच्या तपासण्या होतात. डॉक्टर व परिचारिका चेहरा झाकणारे कवच घालतात. ही सिद्धता जेथे नाही, अशा ठिकाणी कोणी फिरता ब्रश चालवत असेल, तर रुग्णाने उठून यावे हे बरे.

घरी गेल्यानंतर काय करायचे, याबाबत आपल्याकडे एक जुनी समजूत आड येते. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, पावडर टाकून खपली धरू द्यावी, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ओलसर राखलेली जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा खूपच लवकर झाकली जाते. पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढत जावे लागते, ओल्या पृष्ठभागावरून त्या सहज सरकतात. म्हणून डर्माब्रेजननंतर मलम किंवा ओलावा धरणारी पट्टी वापरतात. चेहऱ्यावर साधारण आठवडा ते दहा दिवसांत नवे आच्छादन येते. लाली मात्र काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळते. ज्यांना ओठांच्या कडेला वारंवार पाण्याचे फोड उठतात, त्यांनी ते आधी सांगायला हवे. हा हर्पिसचा विषाणू उघड्या त्वचेवर झपाट्याने पसरतो आणि वण ठेवतो. त्यामुळे अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच विषाणुरोधक गोळ्या दिल्या जातात.

मुरमांचे खड्डे: सगळे सारखे नसतात

तारुण्यपिटिका जाताना जे वण ठेवून जातात, त्यांचे डॉक्टर साधारण तीन प्रकार करतात. पहिला, सुईने टोचल्यासारखा अरुंद व खोल. दुसरा, उभ्या कडांचा, पेटीसारखा, देवीच्या वणाची आठवण करून देणारा. तिसरा, पसरट व लाटेसारखा, ज्यात त्वचा खालच्या धाग्यांनी आत ओढली गेलेली असते. यांपैकी डर्माब्रेजनचा खरा लाभ होतो तो दुसऱ्या प्रकारातील उथळ वणांना. कडा घासून बोथट केल्या की सावली पडणे थांबते आणि खड्डा नजरेत भरत नाही. सुईसारखे वण इतके खोल असतात की तेथवर घासत जाणे म्हणजे नवा व्रण निर्माण करणे. ते बारीक पंचाने कापून काढतात किंवा त्यांच्या तळाशी तीव्र आम्लाचा थेंब सोडतात. लाटेसारख्या वणांत सुईने खालचे धागे तोडावे लागतात. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार एकत्र नांदत असल्याने उपचारही मिश्र असतो. केवळ डर्माब्रेजन करून चेहरा पूर्वीसारखा करू, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

देवीच्या वणांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यात डर्माब्रेजनकडे वळणाऱ्यांत देवी आणि कांजिण्यांचे वण असणारेही असत. आपल्या देशात 1975 नंतर देवीचा रुग्ण आढळला नाही, आणि त्या वणांची पिढी आता वृद्ध झाली आहे.

अपघाताच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वणाच्या बाबतीत एक उपयुक्त माहिती आहे, जी रुग्णांपर्यंत क्वचितच पोहोचते. चेहऱ्यावरील टाके घातलेल्या जखमेवर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी डर्माब्रेजन केले, तर वण मऊ व अस्पष्ट होण्याची शक्यता अधिक असते. त्या काळात कोलॅजनची फेररचना चालू असते आणि तिला वळण देता येते. वर्ष-दोन वर्षे वाट पाहून मग आलेल्या रुग्णाला तेवढा लाभ होत नाही. दुचाकीवरून पडल्यावर चेहऱ्यात रुतून बसलेली डांबराची खडी व माती मात्र त्याहूनही आधी, शक्य तर पहिल्याच दिवसांत घासून काढावी लागते. ती आत राहिली तर गोंदणासारखी कायमची होते.

गोंदण काढण्यासाठीही पूर्वी घर्षणच वापरत. मीठ चोळून गोंदण काढण्याचा उल्लेख सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य एटियस यांच्या लेखनात आढळतो. आता लेझरने शाई फोडण्याची पद्धत त्याहून कितीतरी सुरक्षित आहे. आजीच्या कपाळावरचे गोंदण असो की नातवाच्या दंडावरचे कोणाचे नाव, घरी मीठ किंवा आम्ल चोळण्याच्या फंदात पडू नये. नाव जाते आणि त्याच्या जागी त्याच आकाराचा वण येतो.

आपल्या त्वचेचा रंग आणि त्याचे म्हणणे

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेची प्रतवारी सुचवली. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, यावर ती आधारलेली आहे. आज तिच्यात सहा प्रती मानतात आणि भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रतीत मोडते. अशा त्वचेतील रंगपेशी अत्यंत संवेदनशील असतात. मुरूम फुटले, डास चावला, कढईतले तेल उडाले, तरी त्या जागी महिनोन् महिने काळा डाग राहतो, हे आपल्या घरोघरच्या अनुभवाचे आहे. डर्माब्रेजन ही तर मुद्दाम केलेली जखम. तिच्यानंतर काही आठवड्यांनी चेहरा काळवंडण्याची शक्यता आपल्याकडे बरीच असते. हा काळेपणा बहुधा काही महिन्यांत ओसरतो, परंतु लग्नाच्या तारखेआधी महिनाभर डर्माब्रेजन करून घेणाऱ्या मुलीला त्या ‘बहुधा’चा काय उपयोग? उलट प्रकारही घडतो. फार खोल घासले गेले तर रंगपेशींचाच नाश होतो आणि फिकट पट्टा राहतो. तो मात्र कायमचा असतो आणि कधी कधी कित्येक महिन्यांनंतर दिसू लागतो.

म्हणूनच जाणकार डॉक्टर आधी कपाळाच्या कडेला, केसांखाली, छोट्याशा जागेवर घासून चाचणी घेतात आणि त्वचा कशी वागते ते पाहतात. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रंग आटोक्यात ठेवणारी मलमे देतात. उन्हापासून काटेकोर संरक्षण सांगतात. गोव्याच्या किनारपट्टीवर हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. मासळी बाजारात बसणारी, शेतात राबणारी किंवा दिवसभर दुचाकीवर फिरणारी व्यक्ती तीन महिने ऊन टाळणार कशी, हा प्रश्न उपचार ठरवतानाच विचारला गेला पाहिजे. ज्याला ते शक्य नाही, त्याला डर्माब्रेजन न करणे हाच योग्य सल्ला ठरू शकतो.

आणि वांग? गालांवरचा तो तपकिरी पडदा घालवण्यासाठी डर्माब्रेजन करावे का, असे अनेक स्त्रिया विचारतात. माझ्या मते याचे उत्तर स्पष्ट ‘नको’ असेच असावे. वांगात रंगपेशी मुळातच चिडलेल्या असतात. त्यांना घासणे म्हणजे आगीत तेल ओतणे. वरचा रंग निघतो, काही दिवस चेहरा उजळ दिसतो आणि मग वांग दुप्पट जोमाने परतण्याचा धोका असतो. त्यात स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची मलमे वर्षानुवर्षे लावून ज्यांची त्वचा पातळ झाली आहे, त्यांच्या बाबतीत तर धोका आणखी वाढतो.

तिळांविषयी एक सूचना. आकार, रंग किंवा कडा बदलणारा तीळ कधीही घासून काढू नये. तो कर्करोगाचा असेल तर घर्षणाने निदानाचा पुरावाच नाहीसा होतो. अशा तिळाचा तुकडा काढून तो आधी तपासावा लागतो.

मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल दिली जाते. या औषधावर असताना डर्माब्रेजन केलेल्या काही रुग्णांना असामान्य जाड वण आल्याचे अहवाल 1980 च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि औषध बंद केल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबावे, असा दंडकच पडला. 2017 मध्ये अमेरिकेतील आणि भारतातील तज्ज्ञगटांनी पुराव्याचा पुन्हा आढावा घेतला. सौम्य पील, काही लेझर किंवा हाताने केलेले मर्यादित घर्षण यांसाठी इतके थांबण्याचे कारण दिसत नाही, असा त्यांचा सूर होता. परंतु यंत्राने केलेल्या संपूर्ण चेहऱ्याच्या डर्माब्रेजनबाबत सावधगिरी कायम आहे. रुग्णाने करायचे ते एवढेच, की ही कॅप्सूल घेतली असेल तर कधी, किती काळ, हे न लपवता सांगायचे. छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर ज्यांना केलॉइड, म्हणजे जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाणारा वण, येतो, त्यांनी तेही सांगावे.

इतर काही आजारांतही डर्माब्रेजनला स्थान आहे. नाक जाड व गाठाळ होणाऱ्या ऱ्हायनोफायमात वाढलेली ऊती कापून उतरवल्यावर शेवटचा हात डर्माब्रेजनने फिरवतात. हा आजार आपल्याकडे तुलनेने विरळ. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात विकारात मुलांच्या नाका-गालांवर लालसर गाठींची दाटी होते. त्या घासून काढता येतात, पण पुन्हा उगवतात. आता सिरोलिमस हे औषध मलमाच्या रूपात लावता येते आणि तेथे घर्षणाची गरज कमी होत चालली आहे. काखेत व जांघेत वारंवार चिरा-फोड येणाऱ्या हेली-हेली या आनुवंशिक आजारात, औषधांनी भागत नसेल तेव्हा, डर्माब्रेजनने दीर्घकाळ आराम पडल्याची उदाहरणे आहेत.

पार्लरमधील मायक्रोडर्माब्रेजनचेही खरे स्वरूप सांगून टाकू. 1980 च्या दशकात इटलीत निघालेल्या या तंत्रात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक स्फटिक त्वचेवर मारून लगेच शोषून घेतात, किंवा हिऱ्याची कणी लावलेले टोक फिरवतात. त्याने निघतो तो बाह्यत्वचेचाही सर्वांत वरचा, मृत पेशींचा पापुद्रा. त्वचा काही दिवस तुकतुकीत दिसते. त्यात फारसे वाईट काही नाही. परंतु खड्डे अंतस्त्वचेत असतात, आणि पापुद्रा काढून खड्डा बुजत नाही. या साध्या भूमितीकडे दुर्लक्ष करून सहा-आठ बैठकांचे पॅकेज घेणाऱ्यांचे पैसेच तेवढे झिजतात.

कोडावर रंगाची पेरणी

आता कोडाविषयी. जगभरात साधारणपणे शंभरातील अर्धा ते दोन जणांना कोड असते. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते, त्यातून हे पांढरे डाग येतात. ते संसर्गजन्य नाहीत, त्यांचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. तरीही ‘पांढरे कुष्ठ’ हे नाव अजून तोंडातून जात नाही आणि मुलामुलींची स्थळे त्यावरून मोडतात. माशांवर दूध प्यायल्याने कोड येते, ही समजूत गोव्या-कोकणात इतकी घट्ट आहे की डाग दिसताच घरातले त्या माणसाचे मासे बंद करतात. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. जेवणातून मासे गेल्याने डाग काही जात नाहीत, माणूस तेवढा कष्टी होतो.

कोडावर पहिला उपचार मलमे, गोळ्या आणि विशिष्ट अतिनील किरणांचा. हे उपचार लागू पडतात तेव्हा डागात केसांभोवती तपकिरी ठिपके उगवतात आणि ते पसरत एकत्र येतात. वर ज्या नळ्यांतून त्वचेचे आच्छादन पुन्हा येते असे सांगितले, त्याच नळ्यांच्या तळाशी रंगपेशींचाही राखीव साठा असतो. म्हणूनच डागावरचे केस पांढरे झाले असतील, तर साठा संपला असे समजतात आणि मलमांचा फारसा उपयोग होत नाही. ओठ, बोटांची टोके यांसारख्या बिनकेसांच्या जागीही तेच. साठा नसेल तेथे रंगपेशी बाहेरून आणून पेराव्या लागतात, आणि पेरणीपूर्वी जमीन नांगरावी लागते. ती नांगरणी बहुधा डर्माब्रेजनने होते.

फ्रान्समध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे स्वीडन, भारत व इतरत्र सोप्या करत नेलेल्या या पद्धतीत मांडीच्या किंवा नितंबाच्या निरोगी त्वचेचा अतिशय पातळ पापुद्रा काढतात. ट्रिप्सिन या पाचक द्रव्यात तो उबेवर ठेवला की पेशी सुट्या होतात. त्यांत त्वचेच्या पेशी असतात आणि रंगपेशीही असतात. त्यांचे द्रावण तयार करतात. दरम्यान कोडाचा डाग डायमंड फ्रेझने हलकेच घासतात, तो फक्त रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. खड्ड्यांच्या वेळी तंतू दिसेपर्यंत जायचे असते, येथे त्याच्या बरेच अलीकडे थांबायचे. उथळ राहिले तर पेशी रुजत नाहीत, खोल गेले तर डागाच्या जागी वण येतो आणि रंगही नीट बसत नाही. घासलेल्या जागेवर द्रावण पसरतात, वरून कोलॅजनची पट्टी लावतात आणि आठवडाभर तो भाग हलू देत नाहीत. एवढ्याशा पापुद्र्यातून त्याच्या कितीतरी पट मोठा डाग झाकता येतो, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान. ती सोय नसेल तेथे सिरिंजच्या शोषणाने मांडीवर फोड आणून त्याची वरची त्वचा घासलेल्या डागावर लावण्याची साधी पद्धतही वापरतात. तेथेही नांगरणी घर्षणाचीच.

मात्र यासाठी एक अट आहे आणि तिच्यात तडजोड नाही. कोड स्थिर असले पाहिजे. किमान एक वर्ष नवा डाग आलेला नसावा आणि जुना डाग वाढलेला नसावा. खरचटलेल्या, भाजलेल्या किंवा कापलेल्या जागी नवा पांढरा डाग उठत असेल, तर रोग अजून जागा आहे असे समजावे. अशा वेळी डर्माब्रेजन केले तर घासलेल्या जागी आणि मांडीवर जेथून त्वचा घेतली तेथेही कोड पसरू शकते. घाईने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची निराशा पुष्कळदा येथूनच सुरू होते. डागांची दर दोन-तीन महिन्यांनी एकाच उजेडात मोबाइलवर छायाचित्रे घेऊन ठेवली, तर स्थिरता ठरवताना डॉक्टरांना मोठी मदत होते. आठवणीवर विसंबून हे ठरत नाही.

सर्वांत चांगला परिणाम दिसतो तो शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या येणाऱ्या कोडात. असे कोड बहुधा लहान वयात येते, काही काळ पसरते आणि मग थांबते. सांध्यांवर, बोटांच्या टोकांवर यश कमी मिळते, कारण हे भाग सतत हलतात आणि घासले जातात. पट्टी निघाल्यावर जागा गुलाबी दिसते, आणि बरेच रुग्ण तेव्हाच हिरमुसतात. रंग यायला काही आठवडे लागतात, तो पूर्णपणे जुळायला सहा महिने किंवा त्याहूनही अधिक. सुरुवातीला नवी त्वचा भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद दिसू शकते, पुढे ती हळूहळू मिसळत जाते.

या उपचाराचा विचार करणाऱ्याने प्रथम त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरांना गाठावे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. रोपणाची सोय नेमकी कोठे आहे आणि आपले कोड त्यासाठी स्थिर आहे का, हे दोन्ही प्रश्न तेथील बाह्यरुग्ण विभागात विचारता येतात. जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि वर्षभराची छायाचित्रे बरोबर न्यावीत.